एकदाही न पडलेली गाडी

"आजपर्यंत एकदाही पडलेली नाहीये मॅडम, एकदाही नाही," असं तो मुलगा म्हणाला आणि त्याच्या आवाजात खरोखरचा अभिमान होता. हिंजवडीतल्या एका सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये उभे होतो आम्ही, मी, माझा धाकटा भाऊ आणि साताऱ्याहून मिनतवाऱ्या करून सोबत आणलेले आमचे फिटर, अण्णा. गाडीवरचं कव्हर त्याने इतक्या हलक्या हाताने काढलं की मला उगाच अपराधी वाटलं. खाली हिरोची २०२१ ची एक्सपल्स, डांबरीवर आणि मातीदगडातही चालणारी मोटरसायकल, मीटरवर चार हजारही नाहीत, टाकीवर ओरखडा नाही, हँडगार्डवरचं कंपनीचं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात अजून चिकटलेलं. अण्णा उकिडवे बसून पुढच्या चाकाचे स्पोक बघत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "मग घेतली कशापायी?"

कुणी हसलं नाही. मुलाला बहुतेक तो प्रश्न नीट कळला नाही, किंवा कळला आणि त्याने तो सोडून दिला, कारण तो लगेच सर्व्हिस रेकॉर्डची फाईल काढायला लागला. मला मात्र तो प्रश्न तेव्हापासून लागून राहिलाय. खंबाटकीचा घाट ओलांडेपर्यंत मी गप्प होते, भाऊ म्हणाला काय झालं, आवडली नाही का. आवडली होती की. गाडी सुंदरच होती. पण अण्णांनी विचारलं त्याला होतं आणि उत्तर मी शोधत बसले होते.

माझं उत्तर तसं सोपं आहे, निदान लोकांना सांगायला. माझं आजोळ जावळीत, बामणोलीच्या अलीकडे डांबरी सोडून आत. यवतेश्वरचा घाट, कास, इथपर्यंत ॲक्टिवा आनंदाने जाते, पुढेही जाते कुरकुरत, पण डांबरी सुटली की जांभ्याचा तो रस्ता सुरू होतो, मध्ये एक ओहोळ, त्यावर फरशी पूल जो दर पावसाळ्यात थोडा थोडा वाहून जातो, आणि शेवटी असा एक चढ की तिथे स्कूटरचं पोट दगडाला घासतं आणि तो आवाज थेट माझ्या दाढेत जातो. मामी एकटी असते तिथे आता. चारचाकी नेता येते, पण नवऱ्याला विचारा, गटारी अमावस्येपासून दसऱ्यापर्यंत त्या रस्त्याचं नाव काढलं तरी तो विषय बदलतो. तर अशी ही गरज. आता गरजेपोटी माणूस रात्री बारा वाजता युट्यूबवर कुणीतरी स्पितीत गाडी नाल्यातून काढताना बघत बसतो का, तर नाही. म्हणजे गरजेच्या खाली अजून काहीतरी होतं आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते नेमकं काय आहे हे घरात सगळ्यांसमोर बोलायची मला लाज वाटत होती.

एक गंमत मात्र आधीच झालेली. मला वाटत होतं लायसन तर आहेच. काढून बघितलं तर त्यावर विदाउट गिअर. इतकी वर्षं खिशात घेऊन फिरत होते आणि कधी वाचलंच नव्हतं, आपल्याकडे कित्येक बायकांच्या लायसनवर हेच असेल बघा, तेव्हा एजंटने जे लिहिलं ते लिहिलं. मग गिअरवालीसाठी पुन्हा लर्निंग, पुन्हा टेस्ट, भावाच्या स्प्लेंडरवर. टेस्टच्या रांगेत माझ्या पुढे-मागे सगळी अठरा-एकोणीसची पोरं. एकाने विचारलं, "काकू, मुलाची अपॉइंटमेंट का?" मी म्हणाले हो. कोण समजावत बसणार.

बरं, कुठली गाडी हा प्रश्न आपल्याकडे फार मोठा नाहीच, कारण पर्यायच मोजके. परदेशातल्या नवशिक्यांसमोर म्हणे पंधरा-वीस वर्षं जुन्या गाड्यांचा ढीग असतो, आपल्याकडे हा प्रकार रुजलाच मुळी उशिरा. २०११ ला हिरोने होंडापासून वेगळं झाल्यावर इम्पल्स आणली, दीडशे सीसीची, उंच, खड्ड्यात चाकाला भरपूर वरखाली होऊ देणारं सस्पेन्शन असलेली, आणि लोकांनी विचारलं ॲव्हरेज किती. मग ती बंद पडली आणि बंद पडल्यावर सगळ्यांना तिची किंमत कळली. कराडात एकाकडे बघितली मी एक, मालक तिच्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल बोलावं तशा आदराने बोलत होता आणि किंमतही तशीच सांगत होता. अण्णांनी तिचा एक पार्ट बोटाने हलवून "ह्यो कुठं मिळंल?" एवढंच विचारलं आणि विषय संपला. पुढे रॉयल एनफिल्डची २०१६ ची हिमालयन. २०१९ च्या मे महिन्यात एक्सपल्स २००. वरच्या बजेटात केटीएमची ॲडव्हेंचर, बीएमडब्ल्यूची छोटी जीएस, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स. कागदावर सगळं ठीक, पण साडेआठशे मिलिमीटरच्या आसपासच्या सीटवर पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईने बसायचं म्हणजे आधी शिडी घ्यावी लागेल. २०२३ ला साडेचारशेची नवी हिमालयन आली आणि जुन्या ४११ सीसीच्या भराभर विकायला निघाल्या, त्यामुळे माझ्यासमोर खरी लढत दोघींचीच, जुनी हिमालयन की एक्सपल्स.

हिमालयनची सीट आठशे मिलिमीटर, म्हणजे बसल्यावर माझे चवडे व्यवस्थित टेकतात, आणि बसल्यावर वाटतंही असं की आपण कुणीतरी आहोत. टाकी मोठी, आवाज शांत, धावताना वजन जाणवत नाही म्हणतात आणि ते खरंही आहे. पण मला धावण्याची भीती नव्हतीच, भीती थांबण्याची होती. दोनशे किलोच्या घरातली ती गाडी मैत्रिणीच्या नवऱ्याची होती, त्याच्या अंगणात स्टँडवरून काढून नुसती मागे घ्यायची होती, पाव इंचाचा उतार असेल नसेल, आणि ती एका बाजूला कलायला लागली तेव्हा माझ्या पोटात जे झालं ते मी विसरणार नाही. त्याने पकडली. एक्सपल्स उलट, सीट आठशे तेवीस, म्हणजे दोन सेंटीमीटरने उंच, पण वजन दीडशे ते एकशे साठच्या मध्ये कुठेतरी. चाळीस किलो कमी म्हणजे तांदळाचं एक मोठं पोतं कमी हो. पण जो भेटेल तो पहिला सल्ला काय देणार, "दोन्ही पाय टेकले पाहिजेत." हा सल्ला देणारे बहुतेक सगळे सहा फुटी असतात.

मग कुणी म्हणतं सीटचा फोम कापून घ्या, कुणी म्हणतं मागची लिंक बदला, पुढचे फोर्क वर सरकवा, गाडी दोन इंच खाली येते. मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "बुटकी करायची तर मग ॲक्टिवात काय वाईट हाय?"

सेकंडहँडच्या जाहिरातींचं एक स्वतंत्र वाङ्मय आहे. सिंगल ओनर. शोरूम कंडिशन. इंजिनला हात लावलेला नाही. फक्त संडेला वापरलेली. आणि माझं सगळ्यात आवडतं, डॉक्टर युज्ड. डॉक्टरांनी वापरली म्हणजे गाडीला नेमकं काय होतं हे मला आजतागायत कळलेलं नाही, बहुधा निर्जंतुक होत असावी. ज्या गाड्या दऱ्याखोऱ्यांसाठी बनवल्या त्यांच्या जाहिरातीत सगळ्यात मोठा गुण हा की ती दऱ्याखोऱ्यांत गेलेली नाही. आणि तरी लडाखचे स्टिकर, हँडलला बांधलेल्या त्या रंगीत प्रार्थनेच्या पताका, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, आणि मीटर साडेचार हजार. पताकांचा रंगही उडालेला नाही. सुरुवातीला मी हसायचे या फोटोंना, भावाला पाठवायचे. नंतर हसू येईना. प्रत्येक जाहिरातीच्या खाली तेच कारण, वेळ मिळत नाही म्हणून विकणे आहे.

हिंजवडीच्या त्या मुलाचंही तेच. तिघं मित्र, तिघांनी एकाच महिन्यात गाड्या बुक केल्या, लडाखची तारीख ठरली, मग एकाचं ऑनसाईट आलं, एकाचं लग्न, आणि याला मुलगी झाली. हे सगळं त्याने आम्ही न विचारता सांगितलं. चहाला वर या म्हणाला, गेलो, तर हॉलमध्ये कोपऱ्यात रायडिंगचे बूट, तळ कोरा करकरीत, आणि त्यातल्या एका बुटात त्या मुलीने तिची खेळणी भरून ठेवलेली. बायको हसून म्हणाली, "विकली तर बरं, पार्किंगचे पैसे वाचतील." तोही हसला. मला तिथे बसवेना. कारण मी त्याच्या जागी बसायला किती वेळ लागेल याचा हिशोब माझ्या डोक्यात सुरू झालेला, दोन वर्षं, फार तर तीन, मग मीही लिहीन, लेडीज युज्ड, शोरूम कंडिशन, वेळ मिळत नाही.

गाडीचं म्हणाल तर उभ्या गाडीचे आजार वेगळे असतात हे मला अण्णांनी त्या बेसमेंटमध्ये शिकवलं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे २०२१ चाच टायर होता, गट्ट्या नव्या, पण कडेच्या रबराला बारीक केसासारख्या भेगा. न चालता टायर म्हातारा झालेला. बॅटरी बाहेरून चार्ज करून आणलेली, कारण बटन दाबल्यावर पहिल्यांदा जोरात फिरलं आणि दुसऱ्यांदा लगेच मलूल. सायलेन्सरला अण्णांनी आल्या आल्या हात लावला होता, गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधी त्याने सुरू करून ठेवलेली. त्यात लबाडी असेलच असं नाही, बिचाऱ्याला धाकधूक असेल सुरू होते का नाही, पण गाडी घ्यायला जाताना ती थंडच सापडली पाहिजे, थंड इंजिन खरं बोलतं, हे अण्णांचं म्हणणं. किंमत एक लाखाच्या वर सांगत होता, आणि वर टायर, बॅटरी, सगळी तेलं आमच्याच डोक्यावर. मी विचार करून सांगते म्हणाले. तो म्हणाला सावकाश सांगा, घाई नाही, आणि आम्ही रॅम्पवरून वर यायच्या आत त्याने कव्हर पुन्हा घातलेलं होतं.

मला त्या सगळ्या काळात मामा फार आठवत होता. मामाकडे बजाजची एम-८०. हातातले गिअर, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मध्ये मामा आणि सुट्टीत गेले की पुढच्या मोकळ्या जागेत मी, हँडलला धरून उभी. कुणी काही म्हणो, सह्याद्रीतली खरी दोन्हीकडे चालणारी गाडी तीच, डांबरीवर दूध डेअरीपर्यंत आणि तिथून मागे चिखलातून गोठ्यापर्यंत, आणि तिला कुणी ॲडव्हेंचर म्हणून विकलं नाही. ती पडायची. सारखी पडायची. श्रावणात तर त्या चढाला ठरलेली जागा होती. मामा आधी कॅनचं झाकण बघायचा, मग माझ्याकडे, मग गाडीकडे. उचलायचा, चिखलातच पाय रोवून किक मारायचा आणि पुढे. घरी आल्यावर आजीला कधी सांगितलंही नाही त्याने, कारण सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. आरसा तुटला होता तो तुटलेलाच राहिला, इंडिकेटर सुतळीने बांधलेला. तिच्या अंगावर इतके पोचे होते की नवा पोचा कुठला ते ओळखू यायचं नाही. आता कुणी मला विचारलं मामाची गाडी कशी होती तर मी डोळे झाकून सांगीन की उत्तम कंडिशनमध्ये होती.

तर पाटणच्या गाडीचा पत्ता अण्णांनीच काढला. एमएच ५०, एक्सपल्स, अडतीस हजार किलोमीटर, आणि मालक डॉक्टर. मी म्हणाले झालं, आली बघा डॉक्टर युज्ड. अण्णा म्हणाले, "गुरांचा हाय."

खरं तर हुद्दा पशुधन पर्यवेक्षक, पण गावात त्यांना डॉक्टरच म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा ते दवाखान्याच्या आवारात एका कालवडीचा पाय बघत होते, आम्हाला म्हणाले पाच मिनिटं, गाडी उभी आहे तिकडे, बघून घ्या. गाडी धुतलेलीसुद्धा नव्हती. मागच्या कॅरिअरवर लोखंडी कडं वेल्डिंग करून घेतलेलं, कृत्रिम रेतनाच्या नायट्रोजनचा कॅन त्यात बसवायचा म्हणून, आणि त्या कड्याचा रंग घासून घासून खालचं लोखंड चकाकत होतं. टाकीला उजवीकडे पोचा. क्लचच्या लिव्हरचं टोक झिजून सपाट. इंजिनाखालच्या बॅश प्लेटला तर दगडांनी पार नक्षी काढलेली. फिनाईलचा आणि शेणाचा मिसळलेला वास. भावाचा चेहरा पडला. अण्णांचा मात्र खुलला होता, ते स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एकेक स्पोक वाजवत गेले, सगळे एका आवाजात टणटण, एकही भद्द नाही, म्हणजे कुणीतरी वेळच्या वेळी आवळतंय. मग भावाला मागे दाबून धरायला लावून पुढचं चाक अधांतरी केलं आणि हँडल दोन बोटांनी डावीकडून उजवीकडे सोडलं, मध्ये कुठे अडकतं का बघायला. लोण्यासारखं फिरलं. "कोनसेट नवा हाय," ते म्हणाले. चेन-स्प्रॉकेट नवं. उजव्या फोर्कच्या नळीवर तेलाची ओलसर रेघ, म्हणजे ऑइल सील गेलंय, ते त्यांनी मला बोट लावून दाखवलं, हजार-पाचशे कमी करायला उपयोगी पडंल म्हणाले.

डॉक्टर हात पुसत आले आणि मी विचारण्याआधीच गाडी कुठे कुठे पडली ते सांगायला लागले. हा पोचा सडावाघापूरच्या चढाला, धुकं होतं, म्हैस आडवी आली, "पेशंटच आडवा आला म्हणा ना." हा लिव्हर मोरगिरीच्या बाजूला, चिखलात, थांबलेलो असतानाच. २०२२ च्या लंपीच्या साथीत तर लसी घेऊन वाड्यावस्त्या करताना रोजच कुठेतरी टेकायची, त्याचा हिशोब नाही. इंजिनचं ऑइल मात्र कधी चुकवलं नाही, वही आहे, वहीत तारखा होत्या, आणि त्याच वहीत मागच्या पानांवर कुणाची गाय कधी भरवली त्याच्या नोंदी. विकण्याचं कारण विचारलं तर बदली फलटणला. "तिकडं सगळं सपाट, स्कूटर बास झाली."

मग मी माझं ते उंचीचं काढलं. डॉक्टर माझ्याएवढेच, असलेच तर इंचभर जास्त. म्हणाले, दोन्ही पाय कशाला टेकायला पाहिजेत, एक नीट टेकला की झालं, बूड सीटवरून अर्धं सरकवायचं, आणि कुठं थांबायचं ती जागा थांबायच्या आधी हेरायची, दगडावर नाही, खड्ड्यात नाही. एवढं बोलून त्यांनी जे केलं ते मी अजून घरी नीट सांगू शकलेले नाही. त्यांनी साईड स्टँड उघडा ठेवून गाडी उजवीकडे झुकवली आणि गवतावर सावकाश आडवी करून सोडून दिली. स्वतःची गाडी. गिऱ्हाइकासमोर. "उचला. उचलली तर पैशाचं बोलू."

टाकीच्या झाकणातून जरासं पेट्रोल ठिबकलं, त्याचा वास आला. मी नेहमीसारखी पुढून हँडलला धरून ओढायला गेले तर ती तसूभर हलली नाही. डॉक्टर म्हणाले, पाठ करा तिच्याकडे. हँडल पूर्ण वळवून घ्या, एक हात ग्रिपला, दुसरा मागे कॅरिअरच्या नळीला, खाली बसा, कंबर सीटला लावा. "बसकं जनावर उठवतो ना, तसं. ओढायचं नाही, उचलायचं नाही, आपण नुसतं उभं राहायचं." मी पाय रोवले आणि उभी राहायला लागले, मांड्या थरथरत होत्या, सँडल गवतावर सटकत होते, एक छोटं पाऊल मागे, अजून एक, आणि मग एका ठिकाणी वजन अचानक संपलं आणि गाडी साईड स्टँडवर खट् करून टेकली. साईड स्टँड आधी उघडा का ठेवायचा ते तेव्हा कळलं, नाहीतर जोराच्या भरात पलीकडे गेली असती. कालवडवाले आजोबा कंपाउंडला टेकून सगळं बघत होते, ते म्हणाले, "उठली की." गाडीला म्हणाले का मला, देव जाणे.

पंचाहत्तर सांगितले होते, सत्तरला ठरली. ऑइल सीलचे पैसे अण्णांनी बरोबर वळते करून घेतले. कागदांचं बाकी मी स्वतः बघितलं कारण त्यात मला गती आहे, चेसिस नंबर आरसीशी जुळवून बघितला, चलनं शून्य, कर्ज होतं ते फिटून बँकेचं नाव आरसीवरून उतरलेलं, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सह्या करून. नंबरप्लेट कंपनीची हाय सिक्युरिटीच, १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला ती असतेच, त्यामुळे एखाद्या एक्सपल्सवर फॅन्सी प्लेट दिसली तर मूळची कुठे गेली हे जरूर विचारावं. विम्याचं मात्र लोक विसरतात, आरसी नावावर झाली की काम संपलं वाटतं, पण पॉलिसीही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाकावी लागते आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. एका साध्यासुध्या माणसाने बेळगावची स्वस्त गाडी घेतली आणि मग इथला टॅक्स भरताना स्वस्ताई कशी निघाली ते मी ऑफिसात ऐकलेलं, त्यामुळे केए नंबरच्या जाहिरातींकडे मी बघितलंच नव्हतं.

घरी आईला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, "अगं, एवढे पैसे देऊन खरचटलेली का घेतलीस?" तिला काय सांगायचं. नवीन, डाग नसलेली घेतली असती तर मी पहिला ओरखडा पडेपर्यंत श्वास रोखून चालवली असती, म्हणजे बहुधा चालवलीच नसती. या गाडीवरचं ते पहिलं पडणं दुसऱ्या कुणीतरी आधीच उरकून ठेवलंय. हे तिला पटलं नाही. मलाही पूर्ण पटलंय असं नाही म्हणा, कारण परवा भावाने विचारलं कशी चाललीये, तर मी फुशारकीने म्हणाले की मी घेतल्यापासून एकदाही पडली नाहीये, आणि मग माझाच आवाज मला ओळखीचा वाटला. अजून मी मैदान आणि यवतेश्वर एवढंच करते. वळणावर गिअर चुकतो, चढावर हाफ क्लचवर सोडताना इंजिन बंद पडतं, मागचा ट्रकवाला हॉर्न देतो. उभं राहून चालवायला शिकतेय, गुडघ्यांनी टाकी धरायची, हातात घट्ट काही धरायचं नाही, हे डोक्याला कळतं पण हातांना सांगायला कुणी नाही. आणि एक सांगून ठेवते, कासच्या सड्यावर गाड्या घालणाऱ्यांची आणि आपली जात एक नाही, त्या जांभ्यावरच्या बोटभर मातीत वर्षभर थांबून ती फुलं येतात, रस्ता सोडून चालणारी गाडी घेतली म्हणजे कुठेही घालायचा परवाना मिळाला असं नसतं.

त्या हिंजवडीच्या मुलाची जाहिरात अजून आहे. किंमत उतरवलीये. मधे एकदा मी मेसेज टाईप केला होता, की विकू नका, लडाख राहू दे, निदान एका शनिवारी ताम्हिणीपर्यंत तरी जाऊन या, मुलगी उठायच्या आत परत याल. मग पुसून टाकला. मी कोण सांगणारी.

डॉक्टरांचा मात्र फोन येतो. आरसी नावावर होईपर्यंत सर्व्हिसिंगचे मेसेज त्यांच्याच मोबाईलवर जात होते, तो आला की ते मला फोन करून विचारायचे, ऑइल बघितलं का. आता नाव लागलं तरी करतातच. मागे एकदा म्हणाले, सांगायचं राहिलं, सीटखाली स्पेअर क्लच केबल आहे आणि पुढच्या चाकाची ट्यूब गुंडाळून ठेवलीये, एकवीस इंची, ती तालुक्याला पंक्चरवाल्याकडे मिळत नाही आणि अडलंच तर मागच्या अठराच्या चाकातही घडी मारून बसते, घरापर्यंत आणते. सध्या विषय मागच्या टायरचा चाललाय, पावसाआधी बदलायलाच हवा. डॉक्टरांचं म्हणणं सरळ बटन टायर टाका, मोठ्या सुट्या गट्ट्यांचा, आजोळच्या त्या लाल चिखलात दुसरं काही चालणार नाही. अण्णांचं म्हणणं, बाई रोज डांबरीवरनं ऑफिसला जाणार, ओल्या डांबरीवर बटन टायर घसरतो, अर्धा रस्त्याचा अर्धा मातीचा असा टाका. दोघांना एकमेकांचे नंबर दिलेत. तासतासभर बोलतात म्हणे. मी त्यात पडत नाही.